घरचें मांजर आणि रानचे ठिपके

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचें. आजी, दोन कर्ते भाऊ, त्यांच्या गृहिणी आणि मुलांचा चांगला मेळावा, असें भरलेलें. आम्ही गेलों तेव्हां माजघरांत एक लहानसा वाद रंगांत आला होता. धाकट्या नातवानें मोबाइलवर एका मांजराचें चित्र काढून आजीपुढें धरलें होतें. सोनेरी अंग, त्यावर बिबट्याच्या अंगावर असावेत तसे काळे ठिपके, आणि हिरवे टपोरे डोळे. ‘बंगाल’ असें त्या जातीचें नांव, आणि किंमत एखाद्या दुभत्या म्हशीच्या किमतीच्या जवळपास ! “आजी, हें आपण आणूं या ना,” असा नातवाचा आग्रह. आजी म्हणाल्या, “अरे, हें वाघाचें पोर. रानचें तें रानांत शोभतें. उद्यां पाळण्यांतल्या पोराला ओरबाडलें म्हणजे ?” त्यावर थोरल्या भावांनीं आमच्याकडे वळून विचारलें, “आपण इतकें वाचतां. हें जनावर घरचें समजावयाचें कीं रानचें, तें आपणच सांगा.”

त्या वेळीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. घरीं आल्यावर या विषयावरील शास्त्रीय लेख चाळले, तेव्हां प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं आणि उत्तर तर अपेक्षेहून फारच निराळें आहे, असें आढळलें. तोच वृत्तांत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या मांजराच्या दोन कुळांची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्या घरांत चुलीपाशीं निजणारें जें मांजर, त्याचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशिया येथील करड्या रंगाचें रानमांजर होय. मनुष्य शेती करूं लागला, धान्याचीं कोठारें झालीं, कोठारांत उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आलें. असा हा सोयरसंबंध जडला. सायप्रस बेटांतील उत्खननांत सुमारें ९५०० वर्षांपूर्वी मनुष्याशेजारीं पुरलेलें एक मांजर सांपडलें आहे, यावरून हा संबंध किती जुना तें ध्यानांत येईल.

दुसरें कुळ सर्वस्वी आशियाचें. अंगलटीनें घरच्या मांजराएवढेंच, पण पाय किंचित् उंच, डोकें लहान आणि अंगभर ठिपके असलेलें हें रानमांजर हिमालय, बंगाल व आसाम यांपासून ब्रह्मदेश व चीनपर्यंत आढळतें; आपल्या सह्याद्रीच्या दाट रानांतहि त्याचा वास आहे. अशा लहान ठिपकेदार रानमांजरांस आपल्याकडे कोठें कोठें वाघाटी म्हणतात. परंतु तें नांव एकाहून अधिक जातींस लावतात, म्हणून येथें आपण यास बिबट-मांजर म्हणूं. रॉबर्ट कर या स्कॉटिश पंडितानें १७९२ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें, त्यांत बंगालचा निर्देश होता. तेंच ‘बंगाल’ नांव पुढें अमेरिकेंत तयार झालेल्या नव्या मांजरास चिकटलें. म्हणजे नांव बंगालचें, पण जन्म अमेरिकेचा !

हीं दोन कुळें एकमेकांपासून सुमारें साठ लक्ष वर्षांपूर्वी विभक्त झालीं असें शास्त्रज्ञ मानतात. गमतीची गोष्ट अशी कीं, मनुष्याच्या वस्तीजवळ राहण्याचा प्रयोग बिबट-मांजरानेंहि एकदां करून पाहिला होता. चीनच्या शान्शी प्रांतांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वीच्या एका खेड्यांत मांजराचीं हाडें मिळालीं. तीं घरगुती मांजराचीं असावींत असा प्रथम समज झाला, परंतु २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत तीं बिबट-मांजराचीं ठरलीं. तेथेंहि आमिष कोठारांतल्या उंदरांचेंच असावें. तथापि आज चीनमधील घरांतून जें मांजर नांदतें तें पश्चिमेकडून आलेल्या कुळाचें. बिबट-मांजर रानचें रानांतच राहिलें. आजींच्या म्हणण्यास इतिहासाचा एवढा आधार निश्चित आहे.

आतां या दोन कुळांची गांठ कशी पडली तें पाहूं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं मांजरांचें प्रदर्शन भरविणारे हॅरिसन वेअर यांच्या १८८९ च्या पुस्तकांत अशा संकराचा उल्लेख आहे. परंतु त्यांतून एक स्थिर जात निर्माण झाली ती जीन मिल या अमेरिकन बाईंच्या चिकाटीमुळें. यांचा जन्म १९२६ चा व मृत्यु २०१८ चा. १९६१ सालीं त्यांनीं बिबट-मांजराची एक मादी पाळावयास आणली. त्या काळीं तिकडे असा व्यापार उघड चाले. मादी एकटी पडूं नये म्हणून तिच्या सोबतीस एक काळा घरगुती बोका ठेवला. या दोघांचा संसार होईल अशी कल्पना नव्हती. पण १९६३ मध्यें पिलें झालीं. त्यांतील एका मादीचें नांव किन-किन. पुढें पतीच्या निधनामुळें बाईंच्या घरची घडी विस्कटली, आणि हा उद्योग बरींच वर्षें बंद पडला.

मध्यंतरीं त्याच वाटेनें, पण निराळ्या हेतूनें, दुसरे एक गृहस्थ चालले होते. कॅलिफोर्नियांतील डॉ. विलार्ड सेंटरवॉल हे आनुवंशिकतेचे अभ्यासक. मांजरांस ल्युकेमिया जडविणाऱ्या विषाणूची बाधा बिबट-मांजरास होत नसावी, अशी त्या वेळीं कल्पना होती. ती शक्ति संततींत उतरते कीं काय, हें पाहण्याच्या अभ्यासांत त्यांनीं दोन्ही कुळांचा संकर घडवून आणला. रक्ताचे नमुने घेऊन झाल्यावर त्या संकरित मांजरांस घर हवें होतें. १९८० च्या सुमारास मिलबाईंनीं त्यांतील कांहीं माद्या आपल्याकडे आणल्या आणि अर्धवट राहिलेलें काम पुन्हां हातीं घेतलें. ठिपकेदार कातड्यांच्या हव्यासापायीं रानमांजरें मारलीं जातात. तसेंच ठिपकेदार मांजर मांडीवर खेळूं लागलें, तर तसल्या कातड्याचा कोट अंगावर घालणें लोकांस नकोसें होईल, अशी त्यांची आशा होती. हेतु चांगला होता, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु येथें सृष्टिनियम आडवा आला. गाढव व घोडी यांच्या संकरापासून खेचर होतें आणि तें वांझ असतें, हें आपणांस ठाऊकच आहे. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२. खेचराच्या वाट्यास ६३ येतात आणि त्यांच्या जोड्या नीट लागत नाहींत. मांजरांच्या या दोन्ही कुळांत गुणसूत्रें ३८ च असल्यामुळें बेबनाव इतका तीव्र नाहीं. तरी साठ लक्ष वर्षांचा दुरावा असा सहजासहजीं मिटत नसतो. संकराच्या पहिल्या पिढींतील माद्यांस पिलें होतात. बोके मात्र वंध्य निपजतात. दुसऱ्या पिढींत तोच प्रकार, आणि तिसरींतहि पुष्कळदां तोच.

याचा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं १९२२ सालीं सांगितला होता. भिन्न जातींच्या संकरांत एकच लिंग दुर्मिळ किंवा वंध्य निपजत असेल, तर तें बहुधा ज्याचीं दोन लिंगसूत्रें परस्परांहून भिन्न असतात तेंच असतें. सस्तन प्राण्यांत हें दुर्दैव नराच्या वांट्यास येतें. पक्ष्यांत उलट मादीच्या. हेच हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत काम करूं लागले, पुढें या देशाचे नागरिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें त्यांचा अंत झाला, याची येथें सहज आठवण होते.

या नियमामुळें प्रत्येक पिढींत संकरित मादीसाठीं घरगुती बोकाच शोधावा लागे; आणि बोका साधा, एकरंगी असला तर मोठ्या कष्टानें मिळविलेले ठिपके पुसट होत. मिलबाईंस अनुरूप बोका कोठें मिळाला असेल ? तर आपल्या दिल्लींत ! १९८२ च्या सुमारास त्या हिंदुस्थानांत आल्या असतां दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयांत गेंड्याच्या आवारांत वावरणारें एक मोकाट मांजर त्यांच्या दृष्टीस पडलें. तांबूस-सोनेरी अंगावर गडद ठिपके, आणि केंसांवर जरीसारखी चकाकी. त्याला ना वंशावळ, ना मालक. गेंड्याच्या पायांखालीं न सांपडतां जगलें हीच त्याची कर्तबगारी. मिलबाईंनीं त्याला अमेरिकेस नेलें. ‘टोरी ऑफ दिल्ली’ या नांवानें तो बोका बंगाल जातीच्या मूळ पुरुषांत गणला जातो, आणि आजच्या बंगाल मांजरांच्या अंगावरील चकाकी पैदासकार त्याच्याकडेच नेऊन पोंचवितात.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. ‘टिका’ या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्जार-संघटनेनें १९८३ मध्यें बंगाल मांजराची नोंद घेतली, आणि १९९१ मध्यें प्रदर्शनांतून इतर जातींच्या बरोबरीचा मान दिला. मात्र हा मान बिबट-मांजर ज्याच्या निदान चार पिढ्या मागें आहे अशासच मिळतो. पहिल्या पिढींत रानचा अंश निम्मा, दुसरींत पाव, तिसरींत साडेबारा टक्के, चौथींत सव्वासहा, असा हिशेब असल्यामुळें चौथ्या पिढीपासून मांजर घरचें धरावें, असा व्यवहार ठरला.

पूर्ण वाढलेल्या बंगाल मांजराचें वजन साधारण साडेतीन ते सात किलो भरतें. अंग लांबट व पिळदार, मागील पाय पुढल्यांहून किंचित् उंच, केंस आंखूड व मऊ. ठिपके कांहींच्या अंगावर भरीव, कांहींच्या अंगावर मध्यें पोकळ अशा फुलांच्या आकाराचे, तर कांहींच्या अंगावर संगमरवरांतील शिरांप्रमाणें वळणे घेतलेले पट्टे. पाण्याची यास इतर मांजरांइतकी भीति नसते. नळाखालीं पंजा धरून बसण्याचा पुष्कळांस छंद असतो. बिबट-मांजर पाण्याजवळ शिकार करतें व चांगलें पोहतें, तेव्हां हा छंद तिकडचा असावा असें मानतात. स्वभाव अतिशय चपळ व चौकस. स्वस्थ बसणें यास माहीत नाहीं. कपाटाच्या माथ्यावर, खुंट्यांवर, देवघराच्या फळीवर संचार करणें, दाराची कडी पंजानें उघडणें आणि लक्ष दिलें नाहीं तर मोठ्यानें ओरडून घर डोक्यावर घेणें, हे याचे नित्याचे व्यवसाय.

एवढें वाचून कोणासहि वाटेल कीं, रूप आणि स्वभाव दोन्ही रानचींच दिसतात. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठ व हडसनअल्फा संस्था यांतील शास्त्रज्ञांनीं नऊशेंहून अधिक बंगाल मांजरांचा डीएनए तपासून २०२४ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनीं या समजुतीस चांगलाच धक्का दिला. या मांजरांत बिबट-मांजराचा अंश सरासरीनें अवघा साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याहून मोठें आश्चर्य असें कीं, ज्या रूपासाठीं हा सर्व खटाटोप केला तें रूप मुख्यत्वेंकरून रानमांजराकडून आलेलेंच नाहीं. एखादी काळपट छटा सोडली, तर ठिपक्यांची ठेवण घरगुती मांजरांतच विखुरलेल्या जनुकांची आहे, आणि जरीसारखी चकाकी तर घरगुती मांजरांतील एका जनुकांत घडलेल्या फरकाची. पैदासकार पिढ्यान् पिढ्या ‘रानासारखें’ दिसणारें पिलूं निवडीत गेले, आणि त्या निवडीनें वस्तुतः घरांतच दडलेलें धन वर येत गेलें. रान आणण्यासाठीं दूर जावें आणि सांपडावें तें आपल्याच परसांत, असा हा प्रकार.

मग आजींची शंका निरर्थक म्हणावी काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. रूपाचें श्रेय रानास मिळत नसलें, तरी या उद्योगाचा भार कोणावर पडला तें पाहिलें पाहिजे. पहिल्या एक-दोन पिढ्यांतील जनावरें बहुधा बुजरीं असतात. कित्येक जागोजागीं मूत्र टाकून आपली हद्द आंखतात, आणि घरांतील माणसांच्या वर्दळीनें बिथरतात. हौसेनें घेतलेलीं अशीं मांजरें मालकास नकोशीं होतात, आणि त्यांना जाण्यास रान नाहीं व राहण्यास घर नाहीं, अशी स्थिति होते. वंध्य नरांचा तर पैदासकारास उपयोगच नसतो. आणि पहिली पिढी हवी म्हणजे कोणीतरी बिबट-मांजर पिंजऱ्यांत ठेवलेंच पाहिजे.

याच वाटेचीं पुढचीं पावलें अधिक चिंताजनक आहेत. आफ्रिकेंतील ‘सर्व्हल’ नांवाचें उंच पायांचें रानमांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरापासून १९८६ सालीं पहिलें पिलूं झालें. त्या जातीस ‘सॅव्हाना’ म्हणतात. सर्व्हलचे गर्भाचे दिवस घरच्या मांजराहून आठवडाभर अधिक. त्यामुळें पिलें अपुऱ्या दिवसांचीं होण्याचा धोका असतो. तेथील मूळच्या लहान प्राण्यांस या मांजराचा उपद्रव होईल म्हणून ऑस्ट्रेलियानें २००८ सालीं त्याची आयात बंद केली. आपल्या उसाच्या फडांतून फिरणारें जें रानमांजर, त्याच्याहि संकराची ‘चौसी’ नांवाची जात अमेरिकेंत आहे. आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर बिबट-मांजर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत असून त्यास पकडणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. तेव्हां कोणी “अस्सल रानचें पिलूं देतों” असें म्हणूं लागला, तर तो मोह नव्हे, तुरुंगाची वाट समजावी.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्ही त्या थोरल्या भावांस पत्र धाडलें. त्यांत लिहिलें तें असें : चौथ्या पिढीपुढचें बंगाल मांजर वाघाचें पोर नव्हे, तें मांजरच आहे, आणि पाळण्यांतल्या मुलास त्याच्यापासून भय असेल तर तें कोणत्याहि मांजरापासून असावें तितकेंच. तथापि तें आणण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. वंशावळींत बिबट-मांजर किती पिढ्या मागें आहे, याचा लेखी दाखला मागावा. या जातींत दृष्टि हळूहळू क्षीण करणारा डोळ्यांचा एक रोग व रक्तक्षयाचा एक विकार आनुवंशिक आहेत. दोहोंची तपासणी डीएनएवरून करतां येते, ती आईबापांची झाली आहे काय तें पाहावें, व हृदयाचीहि परीक्षा झालेली असावी. तिसरी गोष्ट विक्रेत्यास विचारावयाची नसून आपल्या घरास विचारावयाची आहे. दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास याच्याशीं कोण खेळणार ? भरल्या घरांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. नातवाची शाळा सुरू झाली कीं, कपाटावरून उड्या मारणारें तें जनावर शेवटीं आजी आणि सूनबाई यांच्या पदरांत पडेल. तेव्हां त्यांचा होकार हा खरा होकार समजावा.

पत्राच्या शेवटीं आम्ही आणखी एक सुचविलें. ज्या ठिपक्यांसाठीं एवढी रक्कम मोजावयाची, ते ठिपके ज्या घरगुती कुळांतून निवडून काढले, तें कुळ आपल्या गल्लींतच हिंडत असतें. दिल्लीच्या गेंड्यामागचा तो बोका कोणी विकत घेतला नव्हता. कोणीतरी थांबून त्याच्याकडे नीट पाहिलें, इतकेंच.

काल आजींचें उत्तर आलें. घरीं निर्णय अद्याप झालेला नाहीं. परंतु मागील अंगणांत एक करडी मांजरी रोज दुपारीं येऊन बसते. नातू तिला दूधभात घालतो, आणि तिच्या कुशीवरील ठिपके मोजण्याचें काम सध्यां चालू आहे. आतांपर्यंत सत्तावीस झाले. मांजरीस मात्र हें मोजणें आवडत नसल्यामुळें रोज पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, असें त्या लिहितात.